‘असं पार्टिशन नाही’ : एका वाक्याची समीक्षा

समीक्षा कवितेची होते, कादंबरीची होते, नाटकाची होते. आज आपण समीक्षेला घेतलं आहे ते एक छोटंसं इंग्रजी वाक्य. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ते उमटतं : ‘एरर: नो सच पार्टिशन.’ चूक : असं पार्टिशन नाही. त्याखाली ‘एंटरिंग रेस्क्यू मोड’, त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’, आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. संपलं. ज्यांच्या एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी नांदतात, त्यांच्यातल्या अनेकांनी हे कधी ना कधी वाचलेलं असतं.

याची कसली समीक्षा, असं कुणी म्हणेल. आमचं उत्तर असं, की वाईट कविता वाचून कुणी आपला प्रबंध स्वतःच्या हातानं पुसत नाही. हे वाक्य वाचून पुसतात. ‘पार्टिशन नाही’ याचा सामान्य माणूस एकच अर्थ लावतो : डिस्क गेली, फोटो गेले, सगळं गेलं. मग तो मशीन काखोटीला मारून दुकानात जातो, तिथे ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं ऐकतो आणि मान डोलावतो. जे शाबूत होतं ते या मान डोलावण्यानं जातं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

तेव्हा हे वाक्य कोण बोलतं, काय सांगतं आणि काय दडवतं, ते क्रमानं पाहू.

बोलणारा आहे ग्रब. हा बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर ‘विंडोज की लिनक्स?’ असं विचारणारा दारवान. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनमध्ये सुरुवात होते डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून. तो सगळा मिळून ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला, उरलेले २ सहीशिक्क्याला. एवढ्याशा जागेत अख्खा ग्रब मावणं शक्यच नाही. म्हणून तो तुकड्यातुकड्यांत बसवतात : पहिला तुकडा त्या सेक्टरमध्ये, दुसरा त्याच्या लगतच्या मोकळ्या जागेत, आणि बाकीचा संसार लिनक्सच्या पार्टिशनमध्ये, ‘बूट’ फोल्डरच्या आत ‘ग्रब’ फोल्डरमध्ये. दुसऱ्या तुकड्याच्या पोटात तिसऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो.

आता समजा, विंडोजमध्ये बसून आपण पार्टिशनं लहानमोठी केली, मधलं एखादं काढून टाकलं. नंबर बदलले. काल सहावं होतं ते आज पाचवं झालं. ग्रब जुना पत्ता घेऊन दारोदार फिरतो, पत्ता लागत नाही, आणि मग तो म्हणतो, ‘असं पार्टिशन नाही.’ घर जागेवर, माणसं घरात, फक्त दारावरचा नंबर बदललेला. (लिनक्सचंच पार्टिशन काढून टाकलं असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही शेजारचं विंडोज बहुतेक वेळा सुखरूपच असतं.)

म्हणजे वाक्य खोटं नाही. आमचा आक्षेप ते अर्धवट असण्यावर आहे. ‘असं’ म्हणजे कसं? कोणतं पार्टिशन? ते सांगतच नाही! गंमत म्हणजे ग्रबला ते ठाऊक असतं. त्याच कर्सरपाशी ‘सेट’ हा शब्द टाईप करून एंटर दाबा, तो शोधत असलेला पत्ता मुकाट्यानं छापून देतो. माहिती आहे, पण विचारल्याशिवाय सांगायची नाही, हा बाणा सरकारी खिडकीवर आपण पुष्कळ पाहिला आहे. आणि ग्रबला नीट बोलता येत नाही असंही नाही. एखादी फाइल सापडली नाही तर तो फाइलचं पूर्ण नाव घेऊन तक्रार करतो. मग इथेच मौन का?

बचाव असा केला जातो, की जागा कमी होती. तो बचाव तपासायला ग्रबच्या आधीच्या लिलोकडे पाहू. लिलो सुरू होताना आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून छापायचा : एल, आय, एल, ओ. एक टप्पा पार पडला की एक अक्षर. पडद्यावर नुसतं ‘एल’ येऊन थांबलं तर पहिला तुकडा सुरू झाला पण दुसरा आणता आला नाही. ‘एल-आय’वर थांबलं तर दुसरा आणला पण चालवता आला नाही. चारही अक्षरं आली की सगळं ठीक. चार अक्षरांत निदान! तेव्हा जागेची सबब पुरी पडत नाही. कमी जागेतही ‘मी कुठवर पोहोचलो’ हे सांगता येतं. नव्या यूईएफआय मशीनमध्ये तर बूटलोडरला स्वतंत्र पार्टिशनच मिळतं, विंडोज ते साधारण १०० एमबीचं करतं. कुठे ४४६ बाइट आणि कुठे १०० एमबी! बोलणं मात्र बहुतांशी तेवढंच तुटक राहिलं.

आता उपायाकडे येऊ. उपाय हा या वाक्याचा पुढचा परिच्छेदच असायला हवा होता. कर्सरपाशी ‘एलएस’ म्हटलं की पार्टिशनांची यादी येते. एकेकाचं नाव घेऊन पुन्हा ‘एलएस’ करायचं. बहुतेक ठिकाणी ‘अननोन फाइलसिस्टिम’ येईल, घाबरायचं नाही. त्याचा अर्थ ‘हे मला वाचता येत नाही’ इतकाच, ‘हे बिघडलं आहे’ असा नव्हे. जिथे ‘बूट’, ‘होम’ असे ओळखीचे फोल्डर दिसतील ते आपलं घर. ‘सेट’ वापरून ‘रूट’ला त्या पार्टिशनचं नाव द्यायचं आणि ‘प्रीफिक्स’ला त्यातल्या ‘बूट’मधल्या ‘ग्रब’ फोल्डरचा पत्ता. मग ‘इन्समॉड नॉर्मल’, आणि शेवटी ‘नॉर्मल’. नेहमीचा मेनू समोर येतो. लिनक्समध्ये शिरल्यावर उबंटूसारख्या सिस्टिमवर ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवून पत्ता कायमचा दुरुस्त करायचा. बायोस मशीनवर ‘ग्रब-इन्स्टॉल’ला अख्ख्या डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनचं नाही. इथे पुष्कळजण चुकतात.

एक लक्षात घ्या. ‘नॉर्मल’पर्यंतच्या पायऱ्यांत डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. फक्त वाचन होतं. म्हणून ते आधी, आणि लिहिणारे उपाय नंतर. तेही जमत नसेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करावं, आपल्या फाइली दिसतात का पाहावं, त्या दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, आणि मगच दुरुस्तीला हात घालावा.

नव्या मशीनचा दोष उलटा आहे : तिथे वाक्यच नसतं. यूईएफआयमध्ये कोणाला आधी बोलवायचं ही यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. एखाद्या अपडेटनंतर क्रम बदलतो, सरळ विंडोज उघडतं, आणि लिनक्स ‘गायब’ होतं. ते कुठेही गेलेलं नसतं. सुरू होताना बूट मेनूची कळ दाबली (ती कंपनीप्रमाणे बदलते), की यादीत उबंटूचं नाव बहुधा तसंच सापडतं. क्रम वर सरकवला की काम झालं.

याच्या उलट, लिनक्सच्या मेनूतून विंडोज नाहीसं होतं. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणानं मुळातच बंद ठेवला आहे. कारण पटण्यासारखं आहे. पण तो चालू करायचा कसा? सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायचं, ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ बरोबर ‘फॉल्स’. म्हणजे ‘बंद करणे : नाही’. चालू करण्यासाठी नकाराचा नकार! व्याकरणाच्या पेपरात असा प्रश्न घालायला आम्हीही धजावलो नसतो.

तिसरं उदाहरण सर्वांत बोलकं. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं जुन्या, असुरक्षित बूटलोडरांना मज्जाव करणारी यादी मशीनमध्ये बसवली. दोन सिस्टिम असलेल्या मशीनना ती लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं होतं. तरी काहींना लागू झाली. लिनक्स निवडलं की पडद्यावर यायचं : ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग.’ काहीतरी गंभीर बिघडलं आहे. आणि मशीन बंद. इथे बोलतो तो लिनक्सच्या बाजूचा ‘शिम’ नावाचा पहारेकरी. साहजिकच माणसाला वाटतं, लिनक्स मोडलं. प्रत्यक्षात यादी बदलली विंडोजच्या अपडेटनं, आणि पहारेकऱ्यानं हुकूम पाळला. उपाय असा : सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन ‘मॉक-यूटिल’नं ती यादी काढायची, आणि रीस्टार्टनंतर सिक्युअर बूट पुन्हा चालू. पण विंडोजवर बिटलॉकर असेल तर आधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. नाहीतर एक दार उघडताना दुसरं बंद व्हायचं.

या तिन्ही ठिकाणी आमची तक्रार एकच आहे. बिघाड दाराशी असतो आणि भाषा घर कोसळल्याची. चांगल्या बिघाड-वाक्यानं तीन गोष्टी सांगाव्यात : बोलणारा कोण, तो कुठवर पोहोचला, आणि कशाला हात लावलेला नाही. ही तिसरी गोष्ट वरच्या एकाही वाक्यात नाही, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकी तीच हवी असते. आम्ही ते वाक्य असं लिहू : ‘मी ग्रब. पहिल्या डिस्कवरचं सहावं पार्टिशन शोधत होतो, सापडलं नाही. नंबर बदलला असेल. मी काहीही पुसलेलं नाही.’

असं वाक्य पडद्यावर येईल तेव्हा येवो. तोवर हे तीन प्रश्न आपणच विचारायचे, आणि त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय फॉरमॅटला होकार द्यायचा नाही.