'सी' या अक्षराखालील शब्द : कॉटन ग्रीनच्या निमित्ताने एक विचार

इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि उपयोग अक्षरवार देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर लहानमोठे कोश, शालेय शब्दसंग्रह आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तिका यांतून हीच मांडणी चालत आली आहे. कोशाला काही तरी क्रम हवा, आणि वर्णक्रमाइतका सोयीचा क्रम दुसरा नाही, हे निर्विवाद आहे. परंतु शोधण्याची ही सोय हळूहळू शिकवण्याची पद्धती होऊन बसली. एका अक्षराने आरंभ होणारे शब्द म्हणजे जणू एक कुटुंबच आहे, अशा समजुतीने ते पाठ करविले जातात. प्रत्येकासमोर एक मराठी प्रतिशब्द लिहिला की अर्थाचे काम संपले, असे मानले जाते. प्रस्तुत लेखातील आक्षेप या समजुतीवर आहे, कोशाच्या क्रमावर नव्हे.

आक्षेप तपासून पाहण्यासाठी इंग्रजी वर्णमालेतील तिसरे अक्षर घेतो, आणि क्षेत्र म्हणून मुंबईतील कॉटन ग्रीनचा परिसर. निवड स्वैर नाही. कापूस, कापड आणि गिरणी या तिन्ही व्यवहारांचे कितीतरी इंग्रजी शब्द याच अक्षराखाली येतात, आणि त्यांतील बरेचसे या भागातील मराठी बोलण्यात रुळले आहेत.

प्रथम स्थलनामच पाहू. कॉटन ग्रीन याचा अर्थ विचारला असता पदव्युत्तर वर्गातील चांगले विद्यार्थीही 'हिरवा कापूस' असे काही तरी सांगतात. हे केवळ अज्ञान म्हणून सोडून देण्याजोगे नाही. मराठी भाषकाच्या कानावर 'ग्रीन' हा शब्द पडतो तो मुख्यतः रंगवाचक म्हणून. साड्यांच्या दुकानात 'बॉटल ग्रीन' हा शब्द ज्याने ऐकला आहे, तो 'कॉटन ग्रीन' हीदेखील हिरव्याची एक छटा समजला तर त्याचे अनुमान त्याच्यापुरते सयुक्तिकच ठरते. येथे मात्र ग्रीन हे नाम आहे, आणि त्याचा अर्थ गवताळ मोकळी जागा, गावचे मैदान असा आहे. समासाच्या भाषेत बोलावयाचे तर हा षष्ठी तत्पुरुष होय : कापसाचे मैदान. आज ज्यास हॉर्निमन सर्कल म्हणतात, त्या जागी किल्ल्यातील सेंट थॉमस चर्चसमोर पूर्वी 'बॉम्बे ग्रीन' नावाचे मैदान होते, आणि तेथे कापसाचे ढीग पडत. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याकडे नेण्यात आला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीच्या बाजूस, बंदराच्या भराव घातलेल्या जमिनीवर आला. बाजार दोनदा हलला आणि प्रत्येक वेळी नाव त्याच्याबरोबर गेले. शिवडीच्या गोदामांमध्ये गवत कधीच नव्हते. म्हणजे 'ग्रीन' या शब्दाचा वाच्यार्थ पहिल्या जागीच राहिला, आणि पुढे चालले ते केवळ नाव. अक्षरवार शब्दसंग्रहात 'ग्रीन : हिरवा' एवढीच नोंद पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हा सारा इतिहास बंदच राहतो.

आता मुख्य शब्द कॉटन. इंग्रजीने तो फ्रेंचमार्गे अरबी 'कुत्न'पासून घेतला. आपला कापूस संस्कृत कर्पासापासून आला. हा कर्पासही घरकोंबडा नव्हे : ग्रीक 'कार्पासोस', लॅटिन 'कार्बासुस' आणि हिब्रू बायबलातील एस्तेरच्या ग्रंथातील 'कर्पस' हे त्याचेच प्रवासी अवतार मानले जातात. वस्तू आपल्याकडून पश्चिमेस गेली तेव्हा तिचे एक नाव बरोबर गेले, आणि कालांतराने दुसऱ्याच नावाने ती वस्तू परत आमच्या बंदरात उभी राहिली.

व्युत्पत्तीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न उपयोगाचा आहे. 'कॉटन म्हणजे कापूस' हे समीकरण दोन्ही बाजूंनी लंगडे आहे. इंग्रजी कॉटन हा शब्द झाड, बोंडातील तंतू, पिंजलेला तंतू, दोरा आणि कापड या सर्वांना पुरतो. मराठीत मात्र प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र शब्द आहे. शेतकरी वेचतो तो कापूस, सरकीसह. सरकी काढल्यावर उरते ती रुई. रुईचे होते सूत, आणि सुताचे कापड. घरगुती बोलण्यात कापूस आणि रुई यांची सरमिसळ होते खरी (वातीचा तो कापूसच), परंतु व्यापारात ती होत नाही व होऊन चालत नाही.

दुसरी बाजू अधिक लक्षवेधक आहे. मराठीत आलेला 'कॉटन' हा शब्द इंग्रजीतील कॉटनचा पूर्ण अर्थ घेऊन आलेला नाही. शेतातून कॉटन वेचून आणले असे कोणी म्हणत नाही. परंतु 'कॉटनची साडी', 'हे कॉटन धुतल्यावर आटते' असे सर्रास म्हणतात. कृत्रिम धाग्यांचे कापड बाजारात आल्यावर त्याहून निराळे म्हणून सुती कापडाला एक प्रतिष्ठित नाव हवे होते, ती जागा या शब्दाने घेतली. 'सुती' हा शब्द मागे पडला, 'कापूस' मात्र जेथे होता तेथेच राहिला. याचा पुरावा व्याकरणातच सापडतो. कापूस पुल्लिंगी, रुई स्त्रीलिंगी. कॉटन हा शब्द कापसाचा पर्याय म्हणून आला असता तर त्याने कापसाचे लिंग घेतले असते. तो नपुंसकलिंगी चालतो : 'हे कॉटन चांगले आहे'. हे लिंग 'कापड' या शब्दाचे आहे. उसना शब्द ज्या देशी शब्दाच्या पंक्तीला बसतो त्याचे लिंग पुष्कळदा उचलतो, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. मराठी भाषकाच्या मनात कॉटन हा कापडाचा एक प्रकार आहे, हे कोणत्याही कोशकाराने न सांगता त्याच्या क्रियापदांनी व विशेषणांनी सांगून ठेवले आहे.

कोणी विचारील, या सूक्ष्मतेचे व्यवहारात काय? याचे उत्तर याच अक्षराखालील दुसरा शब्द देतो. तो म्हणजे 'कँडी'. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात कँडी या रूपाच्या तीन निरनिराळ्या नोंदी आहेत : सिंहलद्वीपातील नगर, दक्षिण हिंदुस्थानातील वजन, आणि साखरेचा खडा. नगराचे नाव डोंगरवाचक सिंहली शब्दापासून आले. साखरेचा कँडी अरबी-फारसी 'कंद'मार्गे संस्कृत खंडापर्यंत पोहोचतो. वजनाचा कँडी म्हणजे आपली खंडी. एका अक्षराखालीच काय, एकाच वर्णविन्यासाखाली तीन निरनिराळे शब्द येऊन बसले आहेत. (पहिल्या परिच्छेदातील कोशकार कँडीसाहेब हे चौथे, पण त्यांची नोंद करण्याचे यूलसाहेबांना कारण नव्हते!)

या खंडीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. मराठीत खंडी म्हणजे वीस मण. त्यावरून वीस नगांच्या मोजणीलाही खंडी म्हणतात, आणि पुष्कळ या अर्थी 'खंडीभर' हा शब्दप्रयोग रूढ झाला. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, त्यामुळे खंडी ५६० पौंडांची. परंतु मुंबईच्या कापूसबाजारातील खंडी ७८४ पौंडांची होती, म्हणजे मुंबईच्या मणाने वीस नव्हे तर अठ्ठावीस मणांची. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला, पौंड आणि मण इतिहासजमा झाले, पण ही खंडी गेली नाही. आजही रुईचा भाव सुमारे ३५६ किलोच्या खंडीला सांगितला जातो.

हा भाव सरकी काढलेल्या रुईचा असतो. शेतकऱ्याच्या मालाचा भाव सरकीसह असलेल्या कापसाचा, आणि तो क्विंटलला. कापसाच्या वजनात रुई ढोबळमानाने एक तृतीयांश निघते, म्हणजे एका खंडी रुईसाठी दहा क्विंटलांहून अधिक कापूस लागतो. आता इंग्रजी बाजारवृत्तातील 'कॉटन' या शब्दासमोर शब्दसंग्रहाच्या आधारे 'कापूस' लिहिणाऱ्या भाषांतरकाराची कल्पना करा. खंडीच्या भावाला साडेतीनाने भागून तो भाव कोणी शेतकऱ्याच्या क्विंटलशी ताडून पाहिला, तर कापसाला बाजारात मिळतो त्याच्या दुपटीहून अधिक भाव चालू आहे असा भास होईल. सरकीची किंमत आणि जिनिंगचा खर्च तर आणखी वेगळाच. चूक अंकगणिताची नाही, एका प्रतिशब्दाची आहे. बाजाराचे वृत्त देणारी मराठी वृत्तपत्रे 'रुई' आणि 'खंडी' हे शब्द नेमके वापरतात, ही समाधानाची गोष्ट होय. ही नेमकी भाषा त्यांना बाजारातून मिळाली, कोणत्याही अक्षरवार यादीतून नव्हे.

गिरणीच्या आतील शब्दांकडे वळल्यावर अडचण आणखी वेगळे रूप घेते. कापडाला रुळांमधून दाबून गुळगुळीत करण्याच्या यंत्राला इंग्रजीत कॅलेंडर म्हणतात. तो शब्द दंडगोलवाचक ग्रीक शब्दावरून आला असे मानतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेलाही कॅलेंडरच म्हणतात, परंतु तो शब्द रोमन महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या लॅटिन नावावरून आला. इंग्रजी लेखनात या दोहोंमध्ये एका स्वराचा फरक राखला आहे, उच्चारात नाही. मराठीत लेखनातूनही तो गेला. कानावर विसंबणाऱ्या मराठी लिपीचा हा दोष म्हणावा काय? माझ्या मते नव्हे. 'कॅलेंडर खाते' म्हटले की गिरणीतील माणसाचा गोंधळ होत नाही. 'खाते' हा हिशेबाच्या वहीतला जुना शब्द विभाग या अर्थाने पुढे उभा राहतो आणि अर्थाची निश्चिती करतो. तसेच 'कार्ड'. पत्राचे किंवा शिधावाटपाचे कार्ड कागदवाचक शब्दाच्या वंशातले, तर 'कार्डिंग खाते' यातील कार्ड काटेरी झुडुपाच्या लॅटिन नावाशी जोडले जाते, कारण तंतू विंचरण्याचे पूर्वीचे साधन तसे काटेरी होते. कोशांतून कार्डिंगला 'पिंजणे' हा प्रतिशब्द देण्याचा मोह होतो. पिंजाऱ्याचे काम धनुकलीने रुई मोकळी करण्याचे, तर कार्डिंगचे काम मोकळ्या झालेल्या तंतूंना विंचरून सरळ करण्याचे. गिरणीकामगाराने 'कार्डिंग' हा परका शब्द ठेवून घेतला, यात आळस नसून दोन क्रिया वेगळ्या असल्याची जाण आहे, असे मला वाटते. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी या जाणिवेकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

ध्वनीबाबत थोडक्यात. इंग्रजीतील हे एक अक्षर मराठीत येताना तीन ठिकाणी विखुरते : कॉटन, कंपनी ही 'क'खाली, सिमेंट, सिलिंग ही 'स'खाली, चेक, चेन, चार्ज ही 'च'खाली. म्हणजे ज्याला आपण एक वर्ग समजत होतो तो सीमा ओलांडताच मोडतो, कारण भाषा उसना घेते तो ध्वनी, अक्षर नव्हे. 'ऑ' हा स्वर मराठी वर्णमालेत शासकीय रीतीने २००९ मध्ये आला. त्यापूर्वीच 'कॉटन'सारख्या शब्दांनी तो लेखनात आणून बसविला होता. उलट दिशेचा प्रवास पाहावयाचा तर 'चाळ' हा शब्द घ्यावा. मुंबईच्या इंग्रजीने तो याच अक्षराखाली दाखल करून घेतला. शिवडी, नायगाव आणि वरळी येथील बी. डी. डी. चाळींमुळे तो सरकारी कागदपत्रांत पक्का झाला. परंतु मराठीतील दंततालव्य च आणि मूर्धन्य ळ हे दोन्ही वर्ण इंग्रजीला नाहीत. इंग्रजीत वाचलेली चाळ आणि लालबागेत ऐकलेली चाळ यांत फारसे काही समान नाही.

'हॉब्सन-जॉब्सन'ची मांडणीही वर्णक्रमाचीच आहे, मग त्याला हा आक्षेप का लागू नये? कारण त्या कोशात वर्णक्रम हे केवळ प्रवेशद्वार आहे. आत गेल्यावर कॅलिकोखाली कालिकत बंदर भेटते आणि चिंट्झखाली छीट. हा चिंट्झ मुळात 'छीट'चे इंग्रजी अनेकवचन होते, आणि पुढे तेच एकवचन मानले गेले. इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून हिंदी छापील कापडाला अटकाव केला, पण शब्दाला अटकाव करता आला नाही. त्या कोशाची दृष्टी साम्राज्याच्या नोकरशाहीची आहे, आणि त्याच्या व्युत्पत्ती सर्वत्र टिकणाऱ्या नाहीत, हे मान्य करूनही शब्दाला स्थळ, काळ आणि व्यवहार असतो ही त्याची भूमिका आपल्या शब्दसंग्रहांनी उचलावयास हवी होती. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने इंग्रजीतून आलेल्या शब्दांना मराठी शब्द म्हणून स्थान दिले, ही मोठी गोष्ट होय. मात्र तो १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध झाला, आणि त्यानंतरची गिरणीची अर्धशतकाची भाषा त्यात असणे शक्य नव्हते.

ती भाषा आज झपाट्याने ओसरत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. साचा, कांडी, बदली हे शब्द रोजच्या कामात वापरलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. काळाचौकी, लालबाग, परळ या भागांतून ती अद्याप भेटतात. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी हे शब्द गोळा करावयाचे ठरविले, तर माझी सूचना अशी की नोंदवही वर्णक्रमाने लावू नये. ती खात्यांच्या क्रमाने लावावी : गाठी फोडण्यापासून आरंभ करून कार्डिंग, सूतकताई, विणकाम असे पुढे जावे, आणि प्रत्येक शब्दाबरोबर तो कोणी, कोणत्या वाक्यात, कोणत्या लिंगात वापरला हे लिहून घ्यावे. वर्णानुक्रम सूची शेवटी जोडता येईलच. अशा वहीत कॅलेंडर हा शब्द 'सी' या अक्षराखाली सापडणार नाही. तो धुलाई व रंगाई यांच्या नंतर आणि कापडाच्या घड्या घालण्याच्या आधी सापडेल.