दयेचे दार आणि दारफाळणी

मुंबईत मशीद बंदरच्या परिसरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांनी 1796 साली आपले पहिले प्रार्थनामंदिर उभारले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ 'दयेचे दार'. याच समाजाने कोकणात प्रायश्चित्ताच्या उपवासाला नाव दिले होते 'दारफाळणीचा सण'. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून घरात राहायचे. दयेचे दार उघडे, तर हे दार बंद का? देव दयाळू, तर मेल्यावर शिक्षा का, हाच प्रश्न यहुदी पंडितांनीही शतकानुशतके चघळला आहे.

तो आपल्यालाही परका नाही. आमच्या विष्णुपुरीकडे, गोदाकाठी, सुतकाच्या घरी गरुडपुराण वाचले जाते. त्यातील यमयातना ऐकताना माझ्यातल्या कादंबरीकाराला एक गोष्ट खटकते. वर्णनाच्या भरात न्याय हरवतो आणि नुसती शिक्षा उरते.

यहुदी पंडितांनी मात्र वर्णनापेक्षा मुदतीवर वाद घातला. दुसऱ्या शतकातील रब्बी अकिवा यांच्या मते गेहिन्नोममधील पाप्यांची शिक्षा 12 महिन्यांची. योहानान बेन नूरी यांच्या मते ती वल्हांडणापासून सप्ताहांच्या सणापर्यंत, म्हणजे अवघी 7 आठवडे. ज्यांचे पापपुण्य समसमान, ते खाली जाऊन आक्रोश करून वर येतात, असे शम्मायचे शिष्य म्हणत. हिलेलचे शिष्य म्हणत, देवाचे पारडे दयेकडेच झुकते.

पुढे मुलाने मृत आईबापांसाठी कद्दीश म्हणण्याची रीत पडली. या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही. सारी देवाची स्तुती. ती 12 महिने म्हटली, तर आपला बाप पापी होता असे आपणच ठरवल्यासारखे होईल, म्हणून पोलंडचे मोशे इस्सर्लेस यांनी 16व्या शतकात 11 महिन्यांचा प्रघात नोंदवला. तो गाळलेला एक महिना मला साऱ्या नरकवर्णनांहून मोठा वाटतो.

पण एक आक्षेप उरतोच. ज्याचे घर लुटले गेले, त्याने ही मुदत काय म्हणून मान्य करावी? त्याचे उत्तर मिश्नेत आहे. देवाविरुद्ध केलेले पाप प्रायश्चित्ताच्या दिवशी धुतले जाते. माणसाविरुद्ध केलेले मात्र त्या माणसाचे समाधान केल्याखेरीज नाही. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करून देव स्वतः मोठा होत नाही. त्याची दया शिक्षेला शेवट देते, दुखावलेल्याचा हक्क काढून घेत नाही.

दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी बेने इस्राएल 'शिळा सण' पाळीत. त्या दिवशी दारे उघडत, गरिबांना दान होई आणि लोक एकमेकांच्या भेटीला जात. शास्त्रात जे वादाने मांडले गेले, ते कोकणातल्या या साध्या माणसांनी दोन दिवसांत बसवले. बंद दाराआड देवाशी हिशेब करायचा आणि दार उघडल्यावर शेजाऱ्याशी. या दुसऱ्या दिवसाविना पहिला अपुराच राहतो, असे मला वाटते.