ख्रिस्तपुराण आणि ‘देवाचें भय’ : एका वाचनदोषाचा विचार

ख्रिस्तपुराणाचें नांव निघालें कीं आमच्या वाङ्मयेतिहासकारांस त्यांतील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या तेवढ्या आठवतात. त्या ओव्या गोड आहेत यांत शंका नाहीं. परंतु सुमारें अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाची परीक्षा आरंभींच्या मूठभर ओव्यांवरून करणें म्हणजे वाड्याची पाहणी दिंडीदरवाजांतच आटोपणें होय. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं हा ग्रंथ मराठीचें कौतुक करण्याकरितां रचलेला नाहीं. जुनीं पुराणें हातचीं गेलेल्या साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांस ऐकण्यास व मनांत धरून राहण्यास एक पुराण द्यावें, हा त्यांचा हेतु होता. तेव्हां तें पुराण श्रोत्याच्या मनांत कोणता भाव उत्पन्न करूं पाहतें, हा टीकाकाराचा पहिला प्रश्न असावयास हवा.

ग्रंथाची हकीकत वाचकांस परिचित असल्यामुळें थोडक्यांत देतों. स्टीफन्स हे जातीनें इंग्रज व पंथानें जेझुइट. ते ऑक्टोबर १५७९ मध्यें गोव्यास उतरले व १६१९ सालीं गोव्यांतच निवर्तले. मधल्या चाळीस वर्षांपैकीं बराच काळ त्यांनीं साष्टी प्रांतांत घालविला. ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमी लिपींत छापला गेला व १६४९ आणि १६५४ या सालीं पुन्हां निघाला. या तिन्ही मुद्रणांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. आपणांपुढें जें पुराण आहे तें पोथ्यांनीं जगविलेलें आहे. त्या पोथ्यांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास रोमी आवृत्ति काढली व १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति निघाली. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथीकडे जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२३ सालीं विद्वानांचें लक्ष वेधलें. रोमी प्रतींत जेथें पोर्तुगीज वळणाचे धर्मशब्द आहेत तेथें या पोथींत पुष्कळ ठिकाणीं संस्कृत शब्द आढळतात. ही गोष्ट पुढील विवेचनांत उपयोगीं पडेल.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. या ग्रंथावर एक आक्षेप वारंवार ऐकूं येतो. तो असा कीं, आमचा भक्तिमार्ग प्रेममूलक, तर ख्रिस्ती धर्म भयमूलक. म्हणून पाद्रीबोवांनीं ओवी आमची घेतली तरी तींत ओतलेला रस भयानकच राहिला. आम्ही स्वतः या मतापासून अलिप्त नव्हतों. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां आम्ही वर्षानुवर्षें हेंच सांगत आलों. एकदां वसईकडील एका ख्रिस्ती विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, भयानें धर्म पाळणारा माणूस सिंहाच्या तोंडीं जाण्यास उभा कसा राहील?” त्यावर, हा विषय परीक्षेस नाहीं, असें सांगून आम्हीं त्यास खालीं बसविलें. सेवानिवृत्तीनंतर हें पुराण अथपासून इतिपर्यंत वाचतांना तो प्रश्न आठवला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलास फार उशिरां दिलेलें उत्तर आहे, असें वाचकांनीं समजावें.

दोषाचें मूळ एका शब्दांत आहे, व तो शब्द पोथी पाहणाऱ्यांस विशेष मनोरंजक वाटेल. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत अकराव्या अध्यायीं, येणाऱ्या राजावर परमेश्वराचा आत्मा कोणत्या गुणांनिशीं उतरेल हें सांगितलें आहे. मूळ हिब्रूंत तेथें ‘यिर्आ’ हा एकच शब्द लागोपाठ दोन वेळां येतो. ग्रीक भाषांतरकारांनीं पहिल्या ठिकाणीं त्याचा अर्थ पूज्यभाव असा केला व दुसऱ्या ठिकाणीं भय असा केला. लॅटिन भाषांतरांतहि पहिल्या ठिकाणीं ‘पिएतास’ व दुसऱ्या ठिकाणीं ‘तिमोर’ असे दोन शब्द आले. अशा रीतीनें मूळचे सहा गुण सात झाले, आणि पाश्चात्य ख्रिस्ती परंपरेंत पवित्र आत्म्याचीं सात दानें म्हणून तेच रूढ झाले : प्रज्ञा, बुद्धि, विवेक, धैर्य, ज्ञान, भक्ति आणि ईश्वराचें भय. १५४६ सालीं ट्रेंट येथील धर्मसभेनें लॅटिन पाठ प्रमाण ठरविला. स्टीफन्स यांच्या पिढीचे जेझुइट त्याच पाठावर वाढलेले. म्हणजे ज्या शब्दाचें एक भाषांतर भक्ति होतें त्याचेंच दुसरें भाषांतर भय होतें. आणि या जोडीच्या पंक्तीस धैर्य बसलेलें आहे. भय असेल तेथें धैर्य नसावें, ही आमची समजूत ज्या परंपरेस आम्ही लावीत होतों, त्या परंपरेनें तीं दोन्ही एकाच दात्याच्या हातचीं दानें मानलीं आहेत.

तेराव्या शतकांतील संत थॉमस अक्विनास यांनीं या भयाचे जे भेद पाडले त्यांपैकीं दोन येथें पुरेसे आहेत. दासाचें भय शिक्षेकडे पाहतें. पुत्राचें भय पित्यास दुखवूं नये, त्यापासून दुरावूं नये, याकडे पाहतें. प्रेम वाढतें तसतसें पहिलें कमी होतें व दुसरें वाढतें, असा त्यांचा सिद्धांत आहे. आम्हां संस्कृतज्ञांस यांत अपरिचित असें काय आहे? तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लींत वारा व सूर्य त्याच्याच भयानें आपापलें काम करितात असें सांगितलें आहे, आणि पुढच्याच अनुवाकांत ब्रह्माचा आनंद जाणणारा कशासहि भीत नाहीं असें म्हटलें आहे. दोन्ही विधानें आम्ही पिढ्यान् पिढ्या शेजारीं शेजारीं पठण करीत आलों आणि त्यांत विरोध पाहिला नाहीं. तोच न्याय साष्टीच्या पुराणास लावण्यास कोणती हरकत आहे?

या दृष्टीनें ग्रंथाची रचना पाहिली कीं ती उलगडत जाते. पहिल्या पुराणांत सृष्ट्युत्पत्तीपासूनची कथा आहे. तेथें पाप घडल्यावर आदाम देवापासून लपतो. हें दासाचें भय होय, व तें माणसास झाडाआड घालवितें. दुसरें पुराण ख्रिस्तचरित्राचें. त्यांतील दुःखभोगाच्या कथेचा पाया असलेलीं शुभवर्तमानें एक गोष्ट लपवीत नाहींत : अटकेच्या रात्रीं बागेंत खुद्द ख्रिस्तच व्याकुळ झाला, व तो प्याला टळावा अशी त्यानें प्रार्थना केली. वीररसाच्या आमच्या नायकास अशी व्याकुळता शोभली नसती. परंतु येथें धैर्य म्हणजे भीतीचा अभाव नव्हे. भीति असतां पित्याची इच्छा वरचढ ठरणें, हें तें धैर्य. त्याच रात्रीं पेत्र एका दासीच्या प्रश्नास भिऊन गुरूस तीनदां नाकारतो. आणि थोड्याच दिवसांनीं तोच पेत्र धर्मसभेपुढें उभा राहून, माणसांपेक्षां देवाची आज्ञा मानली पाहिजे, असें तोंडावर सांगतो. मधल्या काळांत त्याचे शत्रु दुबळे झाले नाहींत कीं त्याच्या हातीं शस्त्र आलें नाहीं. बदललें तें एवढेंच कीं, तो कोणास भितो. मोठें भय ठिकाणावर बसलें, तेव्हां लहान भयें आपोआप उठून गेलीं. या ओव्यांचा रस भयानक नव्हे. भय तेथें संचारी असून स्थायी पद उत्साहाचें आहे, असें आमचें मत आहे.

मंगळूरकडील ख्रिस्ती समाजास टिपूनें १७८४ सालीं श्रीरंगपट्टणास नेलें व १७९९ पर्यंत तो बंदींत राहिला. त्या हालांत या पुराणानें धीर दिला अशी त्या समाजांत परंपरा आहे. परंपरेस आम्ही पुरावा म्हणत नाहीं. परंतु श्रोत्यांनीं या ग्रंथांत काय शोधलें याची ती साक्ष खचित आहे. धाक घालणारें पुस्तक कोणी बंदिवासाच्या आठवणींत जपून ठेवीत नाहीं.

मात्र टीकाकारानें एकाच बाजूची पोथी वाचूं नये. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें रुदोल्फ अक्वाविवा व त्यांचे चार जेझुइट सोबती मारले गेले. रोमच्या चर्चनें त्यांस हुतात्मे मानलें. परंतु त्यापूर्वीं त्या प्रांतांतील देवळें पाडलीं गेलीं होतीं, व पुढें कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांच्या प्रमुखांस बोलण्याच्या मिषानें आसोळण्याच्या किल्ल्यांत नेऊन मारण्यांत आलें. आपल्या देवाविषयींच्या आदरानें निर्भय झालेले लोक त्या दिवसांत दोन्ही पक्षांस होते. स्टीफन्स यांचा धर्म ज्या सत्तेच्या आश्रयानें साष्टींत आला, तिनें दुसऱ्यांच्या मनांत घातलेलें भय हें राजदंडाचें भय होतें. तें ना पुत्राचें, ना भक्ताचें. पुराणांतील भयाची बाजू घेतांना या भयाचें समर्थन आमच्या हातून होऊं नये, एवढी काळजी आम्हीं घेतली आहे.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. ख्रिस्तपुराणाची वा त्याच्या एखाद्या भागाची पोथी हातीं आली असतां, देवासंबंधानें भय, भक्ति, आदर, धाक, धीर हे व असे शब्द जेथें येतात त्या ओव्यांचे पाठ अक्षरशः उतरून घ्यावे. एका प्रतींत भय व दुसरींत भक्ति असा भेद आढळल्यास त्यास लेखकाचा प्रमाद मानून सुधारूं नये. ज्या शब्दाचीं ग्रीक व लॅटिन भाषांतरांतच दोन रूपें झालीं, त्याचीं मराठींत दोन होणें अशक्य नाहीं. मार्सडेन पोथींतील संस्कृत शब्दयोजना या कामीं रोमी प्रतींशीं ओवीवार ताडून पाहिली पाहिजे.

शेवटीं ग्रंथारंभींच्या एका प्रसंगाची आठवण देतों. रविवारीं मुलांस धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण पाद्रीबोवांस विचारतो कीं, आमचीं पूर्वीचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कां देत नाहीं? गोव्यांत धर्मन्यायासन १५६० पासून बसलेलें होतें. त्या काळीं हा प्रश्न भर सभेंत करणें सोपें नव्हतें. तो प्रश्न नम्र आहे, व तितकाच निर्भयहि आहे. स्टीफन्स यांनीं तो दडपला नाहीं. ग्रंथाच्या दारींच तो कोरून ठेवला आणि अकरा हजार ओव्यांनीं त्याचें उत्तर दिलें. आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास खालीं बसविलें होतें.