राम वाईरकरांची शाई आणि सुप्पंडीचा चेहरा

कॉमिक्सवर बोलताना आपण कथेवर, पात्रांवर आणि फार तर रंगांवर बोलतो. शाईवर सहसा कुणी बोलत नाही. आधी पेन्सिलने चित्र काढतात, त्यावर ब्रश किंवा निबने काळ्या शाईची रेष ओढतात आणि शाई वाळली की पेन्सिल पुसून टाकतात. म्हणजे छापून आपल्यापर्यंत पोचते ती शाईचीच रेष. राज कॉमिक्समध्ये अनुपम सिन्हांच्या चित्रांवर विनोदकुमार इंकिंग करायचे आणि त्यांचं नाव वेगळं छापलं जायचं. अमर चित्र कथेत मात्र बहुतेकदा एकच चित्रकार दोन्ही कामं करायचा. त्यामुळे तिथली शाई 'चित्रे' या एका शब्दात झाकली गेली.

राम वाईरकरांचं तसंच झालं. अमर चित्र कथेचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा 'कृष्ण', लेखन अनंत पै, चित्रं वाईरकर. १९८० मध्ये 'टिंकल' सुरू झालं, १९८३ मध्ये त्यात सुप्पंडी आला आणि तोही वाईरकरांनीच काढला.

इंदापूरला मामाकडे आणि बारामतीत जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेले अंक शेजारी ठेवून मी दोन्हींकडची रेष पाहिली. 'कृष्णा'तली रेष सावकाश वळते. दंड, गाल, वस्त्रांच्या चुण्या, सगळं गोलसर. देव लोभस दिसतो, पण हीच गोलाई इतरांच्याही वाट्याला येते आणि चेहरे एकमेकांसारखे वाटू लागतात. भक्तिभावाने रेषेला जरा जास्तच सांभाळून ठेवलंय.

सुप्पंडीकडे आलात की तोच हात मोकळा होतो. लांबुळकं डोकं, काटकुळे हातपाय आणि कमीत कमी रेषा. इथे खरं काम अवघड आहे. मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे सुप्पंडी मला ओळखीचा वाटतो: सांगितलं तेवढंच करायचं, तेही शब्दशः! पण हा विनोद चालतो तो चेहऱ्यावर. भुवईची रेष किंचित तिरकी झाली असती, तर हा माणूस मालकाची मुद्दाम फजिती करतोय असं वाटलं असतं आणि गंमत संपली असती. वाईरकरांनी तो चेहरा निर्मळ ठेवला. चिडका दिसतो तो मालक.

म्हणून माझं मत असं, की वाईरकरांची उत्तम शाई 'कृष्णा'त नाही, सुप्पंडीत आहे. आपण पौराणिक चित्रांना मान देतो आणि विनोदी चित्रांना पोरखेळ समजतो, म्हणून हे लक्षात येत नाही. पुढे त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर यांनी सुप्पंडी काढला. डोक्याची ती ठेवण त्यांनी जपली, कारण पात्राची ओळखच तिच्यात आहे.

आता हे सगळं आपण मोबाइलवर वाचतो. जुन्या अंकांना संगणकावर नवे रंग चढतात. ज्या गालाची गोलाई शाईने आधीच दाखवलीय, त्यावर पुन्हा रंगाची सावली आली की रेष मागे पडते. माझी तक्रार रंगांबद्दल नाही, त्यांच्या अतिरेकाबद्दल आहे. पुढच्या वेळी सुप्पंडी वाचाल तेव्हा एक चौकट झूम करा आणि फक्त भुवया बघा. मग चित्रकाराचं नाव कुठे छापलंय, तेही शोधा.