रुसलेली आणि गेलेली

दिवाळीच्या सुमारास पुस्तकांच्या दुकानात दिवाळी अंकांच्या शेजारी एक रांग हमखास मांडलेली असते. प्रेम, लग्न आणि सहजीवन यांविषयी सल्ला देणाऱ्या पुस्तकांची. पुण्या-नागपुरात ती मराठीत असतात, भोपाळ-इटारसीच्या फलाटावर हिंदीत. आतला मजकूर मात्र बहुधा इंग्रजीवरून उतरवलेला, म्हणून सगळीकडे एकच. या पुस्तकांत एक प्रकरण ‘गैरसमजां’चे असते. पहिल्या नजरेत जुळते ते खरे प्रेम, हा एक गैरसमज. आपल्यासाठी जगात एकच माणूस जन्माला आलेले असते, हा दुसरा. खरे प्रेम असेल तिथे भांडण नसते. ज्याला आपण आवडतो त्याला आपल्या मनातले न सांगता कळते. लग्न झाले की स्वभाव सुधारतो. मत्सर हा प्रेमाचा पुरावा आहे. लेखक एकेक गैरसमज घेतो, खोडतो आणि खाली चौकटीत ‘काय करावे’ ते छापतो.

साहित्याच्या मंडळींनी या पुस्तकांकडे पाहून नाक मुरडण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. दहावीच्या वर्गावर बरीच वर्षे काढलेल्या माणसाला माहीत असते की वह्यांच्या शेवटच्या पानांवर हेच गैरसमज सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असतात, आणि त्यापायी मुलींचेच जास्त नुकसान होते. तेव्हा ही यादी खोटी नाही. माझी तक्रार निराळी आहे. हे गैरसमज अजाण पोरापोरींच्या डोक्यात राहतात आणि जाणत्यांनी ते काढून टाकायचे असतात, असे ही पुस्तके गृहीत धरतात. प्रत्यक्षात त्यांचा मुक्काम आपल्यासारख्या जाणत्यांच्या वाचनात असतो. आपण कविता कशी ऐकतो, कुणाची पत्रे कशी वाचतो, कुणाच्या संसाराला ‘आदर्श’ म्हणतो, तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतात. याची दोन उदाहरणे मला मांडायची आहेत. एक आपल्या मराठीतले, दुसरे भोपाळचे.

मराठीतले उदाहरण एका गाण्याचे आहे. कवी अनिलांची ‘अजुनी रुसून आहे’ ही कविता कुमार गंधर्वांनी गायिली आणि ती घरोघर गेली. कुमारांचे देवास भोपाळ-इंदूर रस्त्यावरच आहे, त्यामुळे आमच्याकडच्या मराठी मंडळींना ते गाणे जरा जास्तच आपले वाटते. या गाण्याबरोबर एक कथा फिरत असते. कार्यक्रमाचे निवेदन करणारे ती सांगतात, आता ती मोबाइलवरही येते. अनिल घरी आले, पत्नी कुसुमावती निजलेल्या दिसल्या. हाका मारल्या, उत्तर आले नाही, कारण प्राण गेलेला होता. आणि त्या शवाजवळ बसून कवीने ही कविता लिहिली. सभागृह हळहळते. मग गाणे सुरू होते.

कथा खोटी आहे. कुसुमावती देशपांडे नोव्हेंबर १९६१ मध्ये गेल्या. कविता त्याआधी बऱ्याच वर्षांची, त्यांच्या हयातीतली आहे. पण तारखा बाजूला ठेवल्या तरी कविताच पुरेशी साक्ष देते. तिथे कुणी मेलेले नाही. एक माणूस रुसले आहे, बोलत नाही; दुसरे कारण विचारते आहे, आपले कुठे चुकले ते चाचपते आहे, आणि त्याला कळत नाही. घरात दोन जिवंत माणसे असली की महिन्यातून एकदा तरी घडणारी ही गोष्ट. अनिलांचे कसब असे की या रोजच्या गोष्टीला त्यांनी गाण्याचा हळवेपणा दिला, तरीही तिच्यातला अवघडलेपणा कमी होऊ दिला नाही.

मग श्रोत्यांना शव का हवे असते? मला वाटते, रुसलेल्या बायकोपेक्षा मेलेली बायको आपल्याला सोयीची वाटते. रुसलेली काही मागत असते. तिचे काहीतरी म्हणणे असते, आणि ते ऐकून कदाचित आपल्याला काही बदलावे लागेल. मेलेलीचे तसे नाही. तिच्यावर निःशंकपणे प्रेम करता येते. ‘खऱ्या प्रेमात भांडण नसते’ हा सल्ल्याच्या पुस्तकांतला गैरसमज इथे सुशिक्षित सभागृहात, तंबोऱ्याच्या साथीने, जपला जातो. रुसव्याची कविता आपल्याला प्रेमकविता म्हणून पुरेशी वाटत नाही, म्हणून आपण तिच्यात मरण घालतो.

ज्यांच्यावर ही कथा लादली गेली त्या दोघांनी तर स्वतःच्या प्रेमाचा लेखी हिशेब ठेवला होता. ‘कुसुमानिल’ हा त्यांचा पत्रव्यवहार १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रे १९२० च्या दशकातली, विवाहापूर्वीची. विवाह १९२९ चा. पहिल्या नजरेत सगळे ठरले असते तर इतक्या पत्रांची गरजच पडली नसती. दोन वाचणारी माणसे एकमेकांना पुस्तकांविषयी लिहितात, अभ्यासाविषयी लिहितात, घरच्यांविषयी लिहितात, शंका काढतात, खुलासे करतात. काही पत्रे आज वाचताना शब्दबंबाळ वाटतात, हेही सांगितले पाहिजे. त्या काळच्या सुशिक्षित तरुणांच्या मराठीला ती सवयच होती. पण त्या शब्दांच्या पसाऱ्यात एक गोष्ट पक्की आहे. दोघांपैकी कुणीही ‘त्याला आपोआप कळेल’, ‘तिला आपोआप कळेल’ यावर विसंबलेले नाही. पुढे नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापिका झालेल्या, ‘पासंग’सारखा समीक्षाग्रंथ लिहिणाऱ्या आणि ‘मराठी कादंबरीचे पहिले शतक’ तपासणाऱ्या कुसुमावतींची नजर त्या पत्रांतच तयार होताना दिसते. मराठी कादंबरीतली किती प्रेमे लेखकाच्या सोयीने जुळतात, हे त्यांच्याइतके कुणाला कळले असेल? अशा बाईच्या वाट्याला लोकांनी एक मूक, निपचित पडलेली भूमिका द्यावी, याला काय म्हणावे!

१९६१ मध्येच कुसुमावती ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या होत्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. याच ग्वाल्हेरात, व्हिक्टोरिया कॉलेजात, त्याआधी जाँ निसार अख्तर हे उर्दू कवी शिकवीत असत. दुसरे उदाहरण त्यांच्या घरातले आहे. मराठी अंकात उर्दूचे काय काम, असे कुणी विचारू नये. सीमेवरच्या जिल्ह्यात आपल्या घरात मराठी असते, बाजारात हिंदी, आणि गुणगुणताना ओठांवर बहुतेक वेळा उर्दूच असते.

जाँ निसारांच्या पत्नी सफिया या कवी मजाज यांच्या भगिनी. अलीगढच्या शिकलेल्या, स्वतः शिकवणाऱ्या. डिसेंबर १९४३ मध्ये विवाह झाला, १९४५ आणि १९४६ मध्ये जावेद आणि सलमान हे दोन मुलगे झाले. फाळणीच्या दंगलींनंतर कुटुंब ग्वाल्हेर सोडून भोपाळला आले आणि नवरा-बायको दोघेही हमीदिया कॉलेजात शिकवू लागले. भोपाळ तेव्हा वेगळे संस्थान होते, मध्य प्रदेशाची राजधानी ते १ नोव्हेंबर १९५६ ला झाले. १९४९ मध्ये जाँ निसारांनी नोकरी सोडली आणि ते मुंबईला गेले. डाव्या, प्रगतिशील लेखकांवर सरकारची वक्रदृष्टी होती, आणि सिनेमात गीतकाराला काम मिळेल अशी आशाही होती. सफिया मुलांना घेऊन भोपाळला राहिल्या. त्यांची नोकरी हा घरातला बांधलेला पगार होता. जानेवारी १९५३ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. नवऱ्याला त्यांनी ऑक्टोबर १९४३ ते डिसेंबर १९५२ या काळात लिहिलेली पत्रे १९५५ मध्ये ‘हर्फ-ए-आश्ना’ आणि ‘ज़ेर-ए-लब’ या दोन पुस्तकांत आली. असग़र वजाहत यांनी केलेले हिंदी रूप ‘तुम्हारे नाम’ २००४ मध्ये निघाले. उर्दू लिपी न येणाऱ्या आपल्यासारख्यांची त्यामुळे सोय झाली.

या पत्रांची ख्याती ‘त्यागाची गाथा’ अशी आहे. कुणालाही विचारा, तो म्हणेल की पतीच्या कवितेसाठी एका स्त्रीने स्वतःला झिजवले. हे वाक्य मनात धरून पुस्तक उघडले तर तसेच दिसते. ते बाजूला ठेवून उघडले तर निराळी बाई भेटते. कॉलेजचे तास, पैशाची ओढाताण, मुलांची दुखणी, स्वतःची प्रकृती, आणि या सगळ्यांतून पुनःपुन्हा येणारी एकच मागणी: ये, किंवा आम्हाला बोलावून घे. प्रेम आहेच, ते लपवलेलेही नाही. पण ते प्रेम मुकाट्याने झिजणाऱ्या सतीचे नाही. ती विचारते, आठवण देते, रागावते, समजूत घालते. ज्या शहरात ती राहत होती तिथे १८१९ पासून १९२६ पर्यंत चार बेगमांनी राज्य केले होते. त्यांतल्या सिकंदर बेगम नवऱ्याशी पटेना म्हणून वेगळ्या निघून इस्लामनगरच्या गढीत राहिल्या होत्या. सोसण्यालाच प्रेम म्हणायचे, असा भोपाळच्या बायकांचा पूर्वापार दंडक होता असे मुळीच नाही. तो दंडक वाचकांनी बाहेरून आणला.

सल्ल्याची पुस्तके खरी अडचणीत येतात ती इथे. त्यांचा सगळ्यांत शहाणा उपदेश कोणता? मनात ठेवू नका, बोला. समोरच्याला आपोआप कळेल असे समजू नका. उपदेश चांगला आहे, मी स्वतः तोच करीन. पण सफियांनी हेच केले. इतक्या स्पष्ट, इतक्या सुंदर भाषेत क्वचितच कुणी केले असेल. तरीही अंतर मिटले नाही. ‘नीट बोलले की ऐकले जाते’ हा सल्लागारांचा स्वतःचा गैरसमज आहे आणि तो त्यांच्या यादीत कधीच नसतो. चौकटीतला उपाय बोलणाऱ्यावरच जबाबदारी टाकतो. ऐकणारा मुंबईत असतो, त्याच्या मागे वॉरंटाची भीती असते, निर्मात्यांच्या दारात ताटकळणे असते, आणि कदाचित थोडी मोकळीकही हवीशी वाटत असते. त्याच्यासाठी त्या पुस्तकात चौकट नाही. शिवाय ज्या घरात पगार एकीचा आणि मुले पदराशी, तिथे ‘नात्याला वेळ द्या’ म्हणून भागत नाही. सफियांच्या पत्रांत प्रेम आणि घरखर्च एकाच पानावर येतात, त्यामुळे प्रेम उणे झाल्याचे मला तरी कुठे जाणवले नाही. उलट हिशेबाची भाषा आली की पत्र अधिक जवळचे होते.

जाँ निसारांना खलनायक करण्यात मला रस नाही. तोही एक सोपा साचाच झाला. आपल्यासमोर एकाच बाजूची पत्रे आहेत, हे विसरून निकाल देणे समीक्षकाला शोभत नाही. त्यांनी पत्नीच्या मृत्यूवर लिहिलेल्या ‘खाक-ए-दिल’ आणि ‘ख़ामोश आवाज़’ या कविता उर्दूतल्या मोठ्या शोककवितांत मोजल्या जातात. ‘खाक-ए-दिल’ याच नावाच्या संग्रहाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अनिलांनीही कुसुमावतींच्या मागे शोकाच्या कविता लिहिल्या. दोघांचा शोक खरा आहे. पण साहित्याच्या बाजारात शोकाला जो भाव मिळतो तो विनवणीला मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. ‘ये’ म्हणून लिहिलेल्या पत्राला कुणी वाङ्मय म्हणत नाही. ती न येणारी झाली की तिच्यावरची कविता अभ्यासक्रमाला लागते.

एक बारीकशी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सफिया गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, ‘सी.आय.डी.’ हा चित्रपट आला. डोळ्यांच्या नुसत्या खुणेने, बसल्या बसल्या प्रेम जमल्याचे त्यातले लाडके द्वंद्वगीत जाँ निसार अख्तरांचे आहे. गाणे गोड आहे, ओ. पी. नय्यर यांची चाल आजही पाय हलवते, आणि सिनेमाच्या गाण्याकडून माणसाने सत्याची अपेक्षा ठेवू नये, हे मलाही कळते. तरी ज्याच्या घरी दहा वर्षांच्या पत्रांचा गठ्ठा होता त्याच्या लेखणीतून आलेले हे गीत रेडिओवर लागले की मी जरा वेगळ्या कानाने ऐकतो.

शाळेच्या ग्रंथालयात मी ‘कुसुमानिल’ आणि ‘तुम्हारे नाम’ ही दोन्ही पुस्तके सल्ल्याच्या पुस्तकांच्या कपाटातच ठेवायला सांगितली आहेत. ग्रंथपालांना हे वर्गीकरण मान्य नाही. नियमाने त्यांचेच बरोबर आहे. कुणी विचारले तर मी आधी सफियांचे पुस्तक सुचवतो. ‘कुसुमानिल’मध्ये पान उलटले की उत्तर येते आणि वाचक निर्धास्त होतो. ‘तुम्हारे नाम’मध्ये पान उलटले की पुढच्या तारखेचे, तिचेच आणखी एक पत्र असते.