मोजमापाबाहेरची कुंडलिका

जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून तयार केलेला ‘स्टेट ऑफ द सायन्स ऑफ एंडोक्राइन डिसरप्टिंग केमिकल्स – २०१२’ हा अहवाल २०१३च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. शरीरातील संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांवर त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले. तरी धोरणाची चर्चा निघाली की या अहवालाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. इथे मी तो पेण आणि रोहे या दोन तालुक्यांच्या नजरेतून वाचणार आहे. दोन्हीकडे ‘कारखाना’ हा शब्द रोजचा आहे. पेणला, हमरापूर-जोह्याला कारखाना म्हणजे गणपतीचा. रोह्याला धाटावला कारखाना म्हणजे रसायनांचा.

अहवालाचे मोठेपण आधी सांगायला हवे. ‘एंडोक्राइन डिसरप्टर’ ही संज्ञा १९९१ साली अमेरिकेत विंगस्प्रेड येथे थिओ कोलबॉर्न यांच्या पुढाकाराने भरलेल्या बैठकीतून आली. त्या बैठकीत वन्यजीवांचे अभ्यासक आणि माणसांच्या संप्रेरकांचे अभ्यासक एका टेबलाशी बसले, हेच तिचे यश. २०१२च्या अहवालाने तीच रीत जगभर नेली. संप्रेरकांशी खेळणारी किंवा तसा संशय असलेली सुमारे ८०० रसायने आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्यांची नीट तपासणी झाली आहे, हे त्याने स्पष्ट मांडले. संप्रेरक अत्यल्प मात्रेत काम करते. म्हणून ‘मात्रा कमी, म्हणजे धोका कमी’ हा जुना हिशेब इथे दर वेळी चालत नाही. शिवाय परिणाम उशिरा दिसतो. डीईएस हे औषध गरोदरपणी घेतलेल्या बायकांच्या मुलींना तरुण वयात दुर्मिळ कर्करोग झाल्याचे १९७१ साली उघड झाले. औषध आईने घेतले, आजार लेकीला.

या अहवालावर टीकाही झाली. पुरावे निवडण्याची आणि तोलण्याची पद्धत काटेकोर नाही, असा आक्षेप २०१४मध्ये आला. त्यामागे उद्योगांचा पैसा होता, हे अहवालाच्या लेखकांनी उत्तरात दाखवले. पैशाचा उगम पाहिलाच पाहिजे. पण माझ्या मते पद्धतीचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये बर्लिनला दोन्ही बाजूंचे २३ शास्त्रज्ञ एकत्र बसले आणि अशी रसायने ओळखण्याच्या तत्त्वांवर त्यांचे एकमत झाले. दरम्यान युरोपीय आयोगाने निकष ठरवण्याची डिसेंबर २०१३ची मुदत चुकवली, स्वीडनने दावा लावला आणि डिसेंबर २०१५मध्ये न्यायालयाने आयोगाला दोषी ठरवले. कीटकनाशकांसाठीचे निकष २०१८मध्ये आले. शास्त्रज्ञांचे भांडण मिटले, तरी सरकारी कागद हलायला कोर्ट लागले.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हा अहवाल ज्या वाचकाला समोर धरून लिहिला आहे, त्याच्याकडे प्रयोगशाळा आहे, जन्मनोंदी आहेत, रक्ताचे साठवलेले नमुने आहेत. आशिया-आफ्रिकेतील माहिती तुटपुंजी आहे, असे तो म्हणतो. पण जिथे माहिती नाही तिथे सुरुवात कुठून करायची, हे सांगत नाही.

रोह्याचेच पाहा. कोलाडला पर्यटक जिच्यात राफ्टिंग करतात, ती कुंडलिका पुढे धाटावच्या बाजूने रेवदंड्याच्या खाडीला जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांत महाराष्ट्राचे ५३. कुंडलिका त्यांत होती. पण नदी या यादीत येते ती बीओडीवरून. पाण्यातला सेंद्रिय मळ कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, त्याचे हे माप. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेले की नदी प्रदूषित. संप्रेरकासारखे वागणारे रसायन नॅनोग्रॅममध्ये असले, तर हे माप त्याला पाहूच शकत नाही. म्हणजे उद्या बीओडी सुधारला आणि कुंडलिका यादीतून बाहेर पडली, तरी या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नसेल.

घातक रसायनांबाबतचे आपले १९८९चे नियम भोपाळनंतरचे आहेत. एका रात्रीत मारणाऱ्या विषाचा विचार त्यांत आहे, एका पिढीने उगवणाऱ्या विषाचा नाही. पेणला दुसरी गंमत. मूर्तींबाबतची २०२०ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे मूलतः विसर्जनाची आहेत. त्यांना पाण्याची काळजी आहे. पण मूर्ती पाण्यात जाण्याआधी कित्येक महिने कारखान्यात असते. तिथे रंगाची गन चालवणाऱ्या पोराच्या आणि रंगकाम करणाऱ्या बाईच्या श्वासाचा विचार मात्र कुठे दिसत नाही. रंगातल्या शिशावर २०१६च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती.

याचा अर्थ प्रत्येक वंध्यत्वाचे, प्रत्येक थायरॉइडचे खापर कारखान्यावर फोडावे असा नाही. आपल्याकडचे बरेच पर्यावरणलेखन तेच करते आणि पहिल्याच उलटतपासणीत कोसळते. पुराव्याशिवायचा आरोप हा प्रदूषण करणाऱ्याला सर्वांत सोयीचा असतो.

काम करायचे तर साधने फार लांब नाहीत. परळला प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पाण्यातले एकेक रसायन न शोधता, पाण्याचा एकूण परिणाम इस्ट्रोजेनसारखा होतो का, हे यीस्टच्या पेशींवर तपासण्याची चाचणी उपलब्ध आहे. धाटावच्या वर आणि खाली, पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने घ्यावेत. सोबत तालुक्यातल्या प्रसूतींच्या आणि जन्मजात दोषांच्या नोंदी एका पद्धतीने ठेवाव्यात. आज मंडळाची वही, दवाखान्याची वही आणि कामगार खात्याची वही वेगवेगळ्या कपाटांत आहे. त्या तीन वह्या एका टेबलावर आल्या, तर विंगस्प्रेडला १९९१ साली जे घडले ते रायगडात घडेल. त्याला आणखी एका जागतिक अहवालाची वाट पाहायची गरज नाही.