समुद्रतळाची मृदा आणि सागरी प्लॅटफॉर्मचा पाया : मुंबई हायच्या संदर्भात रूढ पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
ओतूर परिसरात घराचा पाया घेताना काळी माती काढून मुरूम अथवा कातळ लागेपर्यंत खोदण्याची रीत आहे. जमीन डोळ्यांना दिसते, हाताला लागते. म्हणून निर्णय सोपा होतो. समुद्रात ही सोय नसते. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 कि.मी. अंतरावरील मुंबई हाय क्षेत्रात फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तेल शोधले व 21 मे 1976 रोजी उत्पादन सुरू झाले. तेथे पाण्याची खोली सुमारे 75 मीटर आहे. मुंबई हायची चर्चा प्रायः तेलाच्या अंगाने होते. प्लॅटफॉर्म ज्या मृदेवर उभे आहेत तिचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखाचा उद्देश या मृदेच्या व पायाच्या आंतरक्रियेची गणना करण्याच्या रूढ पद्धतीची चिकित्सा करणे हा आहे.

रूढ पद्धतीचे स्वरूप :
पोलादी नळ्यांचा सांगाडा, म्हणजे जॅकेट, तळावर उतरवून त्याच्या पायांतून अथवा बाजूने लांब पोकळ पाईल खोल ठोकले जातात. उभा भार पाईलच्या पृष्ठभागावरील घर्षण व टोकाचा आधार यांवर पेलला जातो. लाटा व वारा यांचा आडवा भार मुख्यतः तळालगतच्या काही मीटर मृदेवर येतो. गणनेत मृदेच्या जागी एकमेकांपासून स्वतंत्र अशा स्प्रिंगांची मालिका कल्पिली जाते. पाईल किती सरकला असता मृदा किती विरोध करील, हे ठरावीक आलेखांवरून काढले जाते.

या आलेखांचे मूळ पाहणे आवश्यक आहे. मऊ चिकणमातीसाठीचा आलेख मॅटलॉक यांनी 1970 मध्ये मांडला. त्यामागील चाचण्या टेक्सासमध्ये 324 मि.मी. व्यासाच्या पाईलवर झाल्या होत्या. वाळूसाठीचा आलेख रीझ व सहकाऱ्यांनी 1974 मध्ये दिला. त्याचा आधार टेक्सासमधीलच मस्टँग बेटावरील 610 मि.मी. व्यासाच्या पाईलच्या चाचण्या हा होता. म्हणजे लहान पाईल, तेही सिलिकायुक्त वाळूतील. मोठ्या व्यासाच्या पाईलसाठी व वेगळ्या जातीच्या मृदेसाठी हेच आलेख वापरणे म्हणजे अनुभवाची मर्यादा ओलांडणे होय. शिवाय एका थराच्या हालचालीचा शेजारच्या थरावर होणारा परिणाम स्वतंत्र स्प्रिंगांत येत नाही.

चुनखडीयुक्त मृदेचा प्रश्न :
मुंबई हायच्या तळाशी चिकणमातीबरोबर चुनखडीयुक्त वाळूचे व गाळाचे थर आढळतात. काही थर नैसर्गिकरीत्या जुळून कठीण झालेले असतात. या वाळूचे कण शिंपले व सूक्ष्म सागरी जीवांच्या अवशेषांचे, टोकदार व आतून पोकळ असतात. प्रयोगशाळेत त्यांचा घर्षणकोन सिलिका वाळूपेक्षाही अधिक भरू शकतो. परंतु पाईल ठोकताना कण चुरडतात, मृदा आकसते आणि पाईलवरील आडवा दाब घटतो. परिणामी घर्षणकोन मोठा असूनही पाईलला मिळणारे घर्षण अल्प राहते. ज्या आकड्यावर अभियंता विश्वास ठेवतो, तोच येथे दिशाभूल करतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील ‘नॉर्थ रँकिन ए’ प्लॅटफॉर्मच्या उभारणीत 1982 मध्ये याचा प्रत्यय आला. पाईल काही ठिकाणी जवळपास विनाविरोध दहा-दहा मीटर नव्हे, तर सुमारे 60 मीटर खाली गेले. पुढे पाया सक्षम करण्यासाठी मोठी व खर्चिक उपाययोजना करावी लागली. यातून, अशा मृदेत छिद्र पाडून पाईलभोवती सिमेंटचा रस भरणे अधिक विश्वसनीय, हा धडा मिळाला.

आवर्ती भार :
पावसाळी लाटा पाया सतत पुढेमागे ढकलतात. मृदेतील पाण्याला निचरा होण्यास अवधी न मिळाल्यास त्याचा दाब वाढतो व कणांची परस्परांवरील पकड सैल होते. पाण्याच्या दाबाने मृदेचे बळ कसे खचते, हे आंबेगाव तालुक्याने माळीण येथे 30 जुलै 2014 रोजी अतिवृष्टीनंतरच्या दरडीत पाहिले. तेथे कारण पाऊस होते व समुद्रात ते लाटा असतात. मृदेचा नियम मात्र एकच आहे.

प्रतिपक्ष :
ही पद्धत सोपी आहे आणि तिच्या आधारे उभे केलेले प्लॅटफॉर्म दशकानुदशके टिकले आहेत, हा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळात नांगर निसटून पी-305 ही बार्ज भरकटली, एका प्लॅटफॉर्मवर आदळली व बुडाली. 70 हून अधिक जणांचे प्राण गेले. पाईलवर उभे प्लॅटफॉर्म मात्र तगले. तथापि प्लॅटफॉर्म उभा राहिला, एवढ्याने ताकद शिल्लक होती हे सिद्ध होते. ती किती शिल्लक होती हे नव्हे.

निष्कर्ष :
मुंबई हायमधील अनेक प्लॅटफॉर्मनी 25 वर्षांचे अपेक्षित आयुर्मान ओलांडले आहे. त्यांचा वापर लांबवताना पोलादाचा गंज तपासणे पुरेसे नाही. प्रत्यक्ष जागेवरील मृदेच्या चाचण्या, आवर्ती भाराखालील वर्तन आणि उभ्या असलेल्या प्लॅटफॉर्मच्या कंपनांची मोजणी यांवरून गणना पुन्हा तपासली पाहिजे. उसनी आकडेमोड आरंभासाठी उपयुक्त असते. ज्या प्लॅटफॉर्मवर माणसे दिवसरात्र राबतात, त्याच्या पायाचा अंतिम निर्णय तेथल्याच मृदेला विचारून घ्यावा लागतो.